धंतोलीतल्या स्कॅन सेंटरमध्ये एचआरसीटी: माझा अनुभव, आणि जाण्याआधी काय विचारावं

छातीच्या डॉक्टरांनी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारीक कापांचा सीटी स्कॅन, लिहून दिलाय आणि तो कुठे करावा हे सुचत नाहीये, अशांसाठी हे लिहिते आहे. मी अमरावतीची, शाळेत विज्ञान शिकवते. नागपूरला धंतोलीतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये माझ्या फुप्फुसांचा एचआरसीटी झाला आणि उपचारानंतर त्याच मशीनवर पुन्हा झाला. तिथल्या कामावर मी अतिशय समाधानी आहे. सेंटरचं नाव मुद्दाम देत नाही. ते ज्या पद्धतीने स्कॅन काढतात ती पद्धत तुम्हाला तुमच्या गावातही मागून घेता येते, आणि मला त्याबद्दलच सांगायचंय.

माझा त्रास साधा वाटण्यासारखा होता. कोरडा खोकला, शाळेचा जिना चढताना दम, रात्री कणकण, सकाळी अंग जड. छातीचा एक्स-रे काढला तर तो जवळजवळ स्वच्छ. हे अनेकांच्या बाबतीत होतं. एक्स-रेमध्ये पुढच्या बरगड्या, हृदय, फुप्फुस, मागच्या बरगड्या असं सगळं एकाच सपाट चित्रात एकावर एक पडतं. फुप्फुसाच्या जाळीला, म्हणजे हवेच्या पिशव्यांभोवतीच्या नाजूक पडद्यांना, आलेली हलकी सूज त्यात सहज लपून जाते. सीटीमध्ये छातीचे आडवे काप दिसतात, आणि एचआरसीटीत तो काप दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो. माझ्या छातीचे तीनशेच्या वर काप निघाले. त्यासाठी इंजेक्शन नाही, उपाशी राहणं नाही. मंगळसूत्र, साखळी, हुकांचे कपडे काढून त्यांचा गाऊन घालायचा, एवढीच तयारी. गाऊन धुतलेला होता आणि कपडे बदलायला मदतीला बाई होत्या, हेही नोंदवते.

धंतोलीला जाण्याआधी माझा एक स्कॅन दुसऱ्या एका ठिकाणी झालेला होता. तिथे टेबलावर झोपवलं, स्पीकरमधून हिंदीत ‘सांस लीजिए, रोकिए’ असा आवाज आला, आणि मी श्वास पुरता भरायच्या आत टेबल सरकायला लागलं. खोकला दाबत होते, छाती हलत होती. बाहेर कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला: दोन्ही फुप्फुसांत धूसर ठिपके, संसर्गाची शक्यता, डॉक्टरांनी लक्षणांशी ताडून पाहावं. त्या रिपोर्टवर मला अँटिबायोटिकचे कोर्स दिले गेले आणि खोकला तसाच राहिला. नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी ती सीडी उघडली तेव्हा हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांच्या कडा दुहेरी दिसत होत्या. श्वास हलला की असं होतं. अर्धवट भरलेलं फुप्फुस एरवीच धूसर दिसतं, त्यामुळे सूज किती आणि अपुरा श्वास किती हे त्या चित्रांवरून ठरवता येईना. डॉक्टर म्हणाले, “ताई, हा पुन्हा काढावा लागेल. पण नीट. पूर्ण श्वासात, सोडलेल्या श्वासात आणि पालथं झोपवून.” चिठ्ठीवर त्यांनी तिन्ही स्पष्ट लिहून दिलं.

एसटीने नागपूर गाठून आम्ही दोघं धंतोलीत पोचलो. नंबर आला तेव्हा टेक्निशियन मुलगा मला मशीनकडे नेण्याआधी एका स्टुलावर बसवून समोर उभा राहिला. “काकू, आधी प्रॅक्टिस करू. पोट फुगवू नका, छाती फुगवा. अजून. अजून. आता दातांवर दात, तोंड बंद.” घड्याळ बघून त्याने मला श्वास धरायला लावला. खोकला आला तर थांबला, पाणी दिलं, परत सुरू. मग उलटा सराव: सगळी हवा बाहेर, अगदी तळाची, आणि तसंच थांबायचं. हे दुसरं फार कठीण जातं. दम्याच्या किंवा माझ्यासारख्या माणसाला रिकाम्या छातीने थांबताना जीव घाबरतो. तो म्हणाला, “मशीन सहा-सात सेकंदच घेणार आहे, मी काचेतून बघतोच आहे, हात वर केला की थांबवतो.” त्या एका वाक्याने माझं अंग सैल झालं. टेबलावर गेल्यावर स्पीकरमधला रेकॉर्ड केलेला आवाज त्याने लावलाच नाही. स्वतः मराठीत बोलत राहिला आणि माझी छाती थांबलेली दिसल्यावरच बटण दाबलं.

सोडलेल्या श्वासाचा स्कॅन का, हे मुलांना शिकवावं इतकं सुरेख आहे. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. तो आकडा हाउन्सफील्ड या एककात मोजतात: पाणी शून्य, हवा उणे १०००. गॉडफ्री हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन घेतला, आणि १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. श्वास पूर्ण भरलेलं निरोगी फुप्फुस उणे ८०० ते ९०० च्या आसपास असतं, म्हणजे बहुतेक हवाच. श्वास सोडला की हवा निघून जाते, तेच फुप्फुस दाट होतं आणि पडद्यावर करडं दिसतं. पण बारीक श्वासनलिकांना सूज असेल तर त्यांच्या पलीकडची हवा अडकून बसते. आजूबाजूचं सगळं करडं होतं आणि तेवढे तुकडे काळेच राहतात. पूर्ण श्वासाच्या चित्रात हे तुकडे ओळखू येतीलच असं नाही. म्हणून ज्यांना बारीक नळ्यांच्या सुजेचा संशय आहे त्यांनी हा दुसरा स्कॅन झाल्याशिवाय सेंटरमधून निघू नये असं मला मनापासून वाटतं.

पालथं झोपवण्याचं कारण निराळं. उताणं झोपलं की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग स्वतःच्या वजनाने थोडा दबतो आणि धूसर दिसतो. तो धूसरपणा पालथं झाल्यावर गेला तर तिथे आजार नव्हता, टिकला तर आहे. मला पालथं झोपताना धाप लागली. त्यांनी छातीखाली उशी दिली, मान कशी वळवायची ते दाखवलं, घाई अजिबात केली नाही. बाहेर रांग होती तरी.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. स्कॅन झाल्यावर रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला आत बोलावून समोर बसवलं. कामाला कुठे जाता? घरात पोपट, कबुतरं? गॅलरीत कबुतरांची विष्ठा पडते का? पिसांची उशी किंवा रजई? भिंतीला ओल? घराजवळ जिनिंग फॅक्टरी? सांधेदुखीच्या, हृदयाच्या ठोक्यांच्या किंवा लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या बराच काळ घेतल्या का? सकाळी बोटं आखडतात का? तंबाखू, बिडी, चुलीचा धूर? आणि मग: “कूलर कोणता आहे घरी?”

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि खिडकीत पत्र्याचा कूलर नसलेलं घर सापडणं कठीण. तीन बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याचं टाकं, बारकी मोटार पाणी वर चढवते आणि पंखा त्या ओल्या गवतातून हवा ओढून खोलीत टाकतो. टाक्यात पाणी साचून राहतं, गवत कुजतं, त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि त्यांचे सूक्ष्म कण रात्रभर झोपलेल्या माणसाच्या छातीत जातात. सगळ्यांना त्याने काही होत नाही. काहींची प्रतिकारशक्ती मात्र त्या कणांवर उसळते आणि फुप्फुसाच्या शेवटच्या नळ्या नि हवेच्या पिशव्या सुजतात. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. भारतातल्या १९ शहरांमधल्या २७ केंद्रांतून १,०८४ रुग्णांची नोंद करणारी एक पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांमध्ये तिच्यात सर्वाधिक रुग्ण याच आजाराचे निघाले, जवळपास ४७ टक्के, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या घरी कूलरचा संपर्क होता. कबुतरांवर मुंबई-पुण्यात भरपूर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. पण अकोला, अमरावती, नागपूर, चंद्रपूरकडे ही कूलरची गोष्ट घराघरात पोचायला पाहिजे, आणि ती अजून पोचलेली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. तासाभरात रिपोर्ट देणारी सेंटर्स आहेत, पण इथे मॅडम स्वतः सगळे काप पाहून लिहितात आणि तो एक दिवस सत्कारणी लागतो. त्यांनी मला पडद्यावर दाखवलंही. धूसर भाग बाथरूमच्या दुधी काचेसारखा दिसत होता, पण त्यातूनही रक्तवाहिन्यांच्या रेषा ओळखू येत होत्या. त्या दिसेनाशा झाल्या असत्या तर पिशव्या पूर्ण भरून घट्ट झाल्या असं समजतात, जसं न्यूमोनियात होतं. शिवाय मधल्या आणि वरच्या भागात पुसट, गोलसर ठिपके होते. ते फुप्फुसाच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेले नव्हते. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, फुप्फुस एक-दोन सेंटिमीटरच्या छोट्या कप्प्यांचं बनलेलं असतं आणि प्रत्येक कप्प्याच्या मधोमध एक बारीक श्वासनलिका येते. श्वासातून आलेला कण आधी तिथेच बसतो, म्हणून सूजही कप्प्याच्या मधोमध दिसते, कडेला नाही. हे ऐकून मी थक्क झाले. आजार कुठल्या वाटेने आत आला ते चित्रात उमटलेलं होतं.

सोडलेल्या श्वासाच्या चित्रांत काळे तुकडे स्पष्ट होते. रिपोर्टमध्ये मॅडमनी आणखी दोन गोष्टी ‘नाहीत’ म्हणून मुद्दाम लिहिल्या: श्वासनलिका ओढल्या जाऊन वेड्यावाकड्या रुंदावलेल्या नाहीत, आणि कडेला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं नाहीत. ही दोन्ही व्रणाची, म्हणजे फुप्फुसाची जाळी कायमची घट्ट झाल्याची, लक्षणं. २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांपासून या आजाराचे व्रण असलेला आणि व्रण नसलेला असे दोन भाग करतात, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सूज उतरू शकते, पडलेला व्रण मात्र राहतो. आधीच्या रिपोर्टमध्ये याबद्दल एक अक्षर नव्हतं. ‘आहे’ इतकंच ‘नाही’ हेही लिहिणारा रिपोर्ट तुम्हाला मिळाला तर तो नीट वाचून लिहिलाय असं समजा.

आणि मॅडमनी निदानाचा शिक्का मारला नाही. चित्र या आजाराशी जुळतं, घरातल्या संपर्काशी आणि श्वासाच्या तपासण्यांशी ताडून पाहावं, असं लिहिलं. छातीच्या डॉक्टरांनी मग फुप्फुसाची क्षमता मोजणाऱ्या चाचण्या केल्या, दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन त्यातल्या पेशी तपासल्या आणि मॅडमना फोन करून दोघांनी मिळून ठरवलं. असे डॉक्टर आणि असं सेंटर एकमेकांशी बोलतात ही माझ्या मते या सेवेची खरी किंमत.

कूलर घरातून काढला. स्टेरॉईड डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू झालं आणि हळूहळू कमी केलं. त्यानंतरचा स्कॅन मी आग्रहाने तिथेच केला. तेच मशीन, त्याच जाडीचे काप, आणि परत तोच मुलगा, परत तोच स्टुलावरचा सराव. मॅडमनी जुना-नवा स्कॅन शेजारी लावून एकाच उंचीवरचे काप जुळवले. दुधी भाग जवळजवळ गेलेला, ठिपके विरलेले, खाली उजवीकडे अडकलेल्या हवेचा एक छोटा तुकडा अजून शिल्लक. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खोकला कमी झाल्याचं कळत होतंच, पण आतली जाळी मोकळी झालेली दिसणं वेगळं.

रेडिएशनची भीती सगळ्यांना असते, मलाही होती. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे असं म्हटलं होतं आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ती तुलना जुन्या मशीनची असल्याचं सांगत हरकत घेतली होती. तेव्हापासून लोकांच्या मनात ते आकडे रुतून बसलेत. माझं म्हणणं, भांडण बाजूला ठेवा आणि तुमच्या स्वतःच्या स्कॅनचा आकडा मागा. मशीन तो नोंदवतंच. त्याला डीएलपी म्हणतात. मोठ्या माणसाच्या छातीसाठी त्याला ०.०१४ ने गुणलं की अंदाजे मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये मिळते. माझा तिन्ही स्थितींचा मिळून डीएलपी २९० होता, म्हणजे सुमारे ४ मिलिसीव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. इथे पूर्ण श्वासाचा स्कॅन नेहमीच्या मात्रेवर घेतात आणि बाकीचे दोन कमी मात्रेवर, कापांमध्ये अंतर सोडून. मी विचारलं तेव्हा टेक्निशियनने कागदावर आकडे लिहून दिले. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना भिंतीवर दिसेल असा लावलेला आहे. तुम्ही कुठेही जा, तो कागद बघा. उगाच दर महिन्याला स्कॅन करत बसू नये हे अर्थातच खरं. पण गरजेचा स्कॅन भीतीपोटी टाळणं, किंवा अर्धामुर्धा काढून परत काढावा लागणं, यात नुकसान जास्त आहे.

पैसे साडेचार हजार लागले. महाग आहे. कोरोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य सरकारने एचआरसीटीचे दर मशीनप्रमाणे २,००० ते ३,००० रुपये असे बांधून दिले होते आणि सामान्य माणसाला केवढा आधार झाला होता! पण तो एकाच स्थितीतला झटपट स्कॅन असायचा, कोरोनाने फुप्फुस किती व्यापलंय याचा, फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी पाच धरून, २५ पैकी स्कोर काढण्यापुरता. त्या स्कोरची सवय इतकी झाली आहे की माझ्या बहिणीने आधी “स्कोर किती आला?” हेच विचारलं. जाळीच्या आजाराला तो स्कोर लागू नाही. इथे तीन स्कॅन, मॅडमचा वेळ आणि तुलना मिळून साडेचार हजार मला वाजवी वाटले. ज्यांना परवडत नाहीत त्यांनी सरकारी मेडिकल कॉलेजात हीच चिठ्ठी, तिन्ही स्थिती लिहिलेली, घेऊन जावं.

तक्रारीही लिहिते, कारण त्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत. सेंटरच्या दारात पायऱ्या आहेत आणि उतार नाही. छातीच्या रुग्णांसाठीच्या जागी हे असायला नको. व्हीलचेअर आहे, पण ती दोघांनी उचलून वर न्यावी लागते. प्रतीक्षागृहातला एसी इतका थंड ठेवतात की खोकणाऱ्या माणसाला उबळ येते, शाल न्या. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील, ऑटोने जाणं बरं. सीडी मोबाईलवर उघडत नाही, लॅपटॉप लागतो. आणि रिपोर्ट फक्त इंग्रजीत. माझ्याशेजारी वर्ध्याकडचे एक शेतकरी काका बसले होते, हातातला कागद उलटसुलट करत. मॅडम सगळ्यांना बोलावून समजावतात हे खरं, पण गावी गेल्यावर घरच्यांना दाखवायला चार ओळी मराठीत असाव्यात. मी तसं त्यांच्या वहीत लिहून आले आहे.

जाण्याआधी फोन करून एवढं विचारा: सोडलेल्या श्वासातला आणि पालथा स्कॅन काढता का, काप किती मिलिमीटरचे, आणि रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर रुग्णाला भेटतात का. आधीचा स्कॅन झाला असेल तर फिल्म नको, त्याची सीडी न्या. फिल्मवर निवडक काप असतात, तुलना करायला सगळे लागतात. चालू गोळ्यांची यादी, घरातले पक्षी, कूलर, ओल, कामाची जागा हे सगळं एका कागदावर लिहून न्या, कुणी विचारलं नाही तरी काउंटरवर द्या. दुपारी दोननंतर गर्दी कमी असते.